ग्लेंडा कॅथकार्टची सही

त्या शनिवारी सहा जणांनी गोळ्या झाडल्या आणि ग्लेंडाने पाच सह्या केल्या. सहावी तिने केली नाही. मी तिथेच उभी होते. पिस्तुलाच्या नळीचं तोंड माझ्याच पोटावरून गेलं होतं. तरीही मी तिला म्हणत होते, कर सही.

ग्लेंडा कॅथकार्ट आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात चोवीस वर्षं होती. आमच्या हॅनाज फोर्क गावातल्या तिशीच्या आतल्या प्रत्येकाने तिच्या हातचं खाल्लं आहे. चारशे ताटं, पन्नास मिनिटं. हाताखाली चार बायका, उकळतं तेल, हातभर लांब सुऱ्या. चोवीस वर्षांत कुणाला टाका पडला नाही. तिचा एक नियम होता. सुरी कुणाच्या हातात द्यायची नाही. टेबलावर ठेवायची, हात काढून घ्यायचा, मग दुसरीने उचलायची. मी दुसरीत असताना रांगेतून हे बघायचे आणि मला वाटायचं, या बायकांचं आपसात भांडण झालंय.

तिचा नवरा ड्वाइट मालवाहू ट्रक चालवतो. आठवड्यातले पाच दिवस तो बाहेर. त्यांचं घर दरीच्या अगदी टोकाला. फोन केल्यावर शेरीफची गाडी यायला चाळीस मिनिटं लागतात, तीही रस्ता कोरडा असेल तर. म्हणून पन्नाशी उलटल्यावर ती पिस्तुलाच्या परवान्यासाठी लागणाऱ्या वर्गाला गेली. वर्गात अठरा पुरुष आणि ती. शिकवणारा आठांतले पाच तास स्वतःच्याच गोष्टी सांगत होता. तिच्या हातात त्याने जांभळ्या मुठीचं एक छोटं पिस्तूल दिलं आणि म्हणाला, हे तुम्हाला शोभेल.

"शोभलं का?" मी विचारलं होतं.

"अंगठा सोलून निघाला," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात मी अशा माणसाला बटाटेसुद्धा सोलू दिले नसते."

त्याच उन्हाळ्यात तिने ठरवलं की आपण शिकवायचं.

मी तेव्हा साहित्याची पदवी घेऊन गावी परतले होते आणि वाचनालयात अर्धा दिवस बसत होते. ती एक जाडजूड पुस्तिका घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवली.

"यातले प्रश्न तू मला विचारायचे. कुठूनही."

"मिस ग्लेंडा, मला बंदुकीतलं काही कळत नाही."

"म्हणूनच. मी सांगितलेलं तुला कळलं, तर मला येतंय असं धरू."

शाळेत आम्ही सगळे तिला मिस ग्लेंडा म्हणायचो. ते काही सुटलं नाही. पण त्या उन्हाळ्यानंतर आम्ही मैत्रिणी झालो. ती छप्पन्नची, मी तेवीसची.

प्रशिक्षक व्हायला दोन दिवसांचा वर्ग होता, शहरातल्या एका हॉटेलच्या तळघरात. पण त्याआधी नेमबाजीची चाचणी. पंचेचाळीस फुटांवर बशीएवढं वर्तुळ, वीस गोळ्या, त्यातल्या सोळा आत. ग्लेंडाच्या अकरा लागल्या. परत येताना तिने वाटेत गाडी थांबवून एक आइस्क्रीम खाल्लं आणि सरळ ओरेन टॅकेट यांच्याकडे गेली.

ओरेन टॅकेट कोळशाच्या खाणीत घराएवढं खोदयंत्र चालवायचे. तीस वर्षं त्यांनी गावातल्या पोरांना शिकारीचे नियम शिकवले, फुकट. ड्वाइट त्यांच्याकडेच शिकला, माझे वडीलही. खाण बंद झाली तेव्हा तिची एक उभी कड त्यांच्या जमिनीत उरली. साठ फूट उंच मातीची भिंत, तिच्यापुढे सपाट गवत. गोळी अडवायला याहून चांगली जागा आसपास नाही.

त्यांनी दोन महिने दर मंगळवारी तिला शिकवलं. पैसे विचारल्यावर म्हणाले, "शाळेत त्या शेंगदाण्याच्या लोण्याच्या वड्या करायचीस. त्या अजून जमतात का?"

तिने दर मंगळवारी डबा भरून नेला. दुसऱ्या चाचणीत तिच्या एकोणीस लागल्या.

हॉटेलच्या तळघरात प्रत्येकाला उठून एक धडा शिकवून दाखवायचा होता. तिच्या वाट्याला आलं, पिस्तूल एकाकडून दुसऱ्याकडे कसं द्यायचं. ती म्हणाली, देऊच नका. टेबलावर उघडून ठेवा, हात काढा, मग दुसऱ्याला उचलू द्या आणि त्याने पुन्हा बघितल्याशिवाय काही करू देऊ नका. परीक्षकाने हे आपल्या वहीत उतरवून घेतलं. हे तिने मला तीनदा सांगितलं, आणि फुशारकी मारताना मी तिला तेवढ्या एकाच बाबतीत ऐकलं.

मग धंदा. महिन्यातून दोन शनिवार. सकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये धडे, दुपारी ओरेन यांच्या गवतावर गोळ्या. एका वेळी सहाच माणसं. जाहिरातीचा कागद मी लिहून दिला होता. त्यात 'आत्मविश्वासाचा प्रवास' असे शब्द होते.

"प्रवास कुठला?" तिने चष्म्यावरून बघत विचारलं. "ओरेनचं गवत दीड मैलावर आहे."

तिने ते खोडून स्वतः लिहिलं. आठ तास. जेवण मिळेल. गोष्टी सांगितल्या जाणार नाहीत.

माणसं आली. बायका जास्त आल्या. तिसऱ्या वर्षी तिने शाळा सोडली. गवताचं भाडं ओरेन घेत नव्हते. पण ते गवत नसतं तर वर्गच नसता. कायद्याने दोन तास प्रत्यक्ष गोळ्या झाडाव्याच लागतात. शहरातल्या नेमबाजीच्या बंदिस्त जागेत तिला कुणी उभं केलं नसतं.

मार्चमध्ये ओरेन तिच्या स्वयंपाकघरात आले आणि टोपी न काढता बसले. मी तिथे लिफाफे चिकटवत होते.

"ए पुस्तकवाली," ते मला म्हणाले, मग तिच्याकडे वळले. "ग्लेंडा, पिस्तुलाच्या परवान्यासाठी तुझी एक सही पाहिजे. टेनेसीला पोराकडे जायचंय. वाटेत तीन राज्यं. कुणी गाडी थांबवली तर कागद दाखवावा लागतो म्हणे."

"शनिवारी साडेआठला या."

"वर्गाला? मी?"

"आठ तासांचा आहे."

"तू जन्मलीस तेव्हा माझ्या घरी तीन बंदुका होत्या."

"तिन्ही आणू नका. एक पुरे."

ते हसले. मीही हसले. आम्हाला दोघांनाही वाटलं की ही नुसती रीत पाळणं आहे.

शनिवारी ते पहिल्या बाकावर बसले. उजवा कान खोदयंत्राने कायमचा खाल्लेला, म्हणून भिंतीशी उजवी बाजू करून. ग्लेंडाने विचारलं, घरात पिस्तूल आणल्यावर पहिली काळजी कोणती.

"केवढ्याला घेतलं ते बायकोला कळू न देणं," ओरेन म्हणाले.

हॉल हसला.

"आणि दुसरी, ओरेन?"

"दुसरंही घेतलंय ते कळू न देणं."

ग्लेंडाही हसली. मग म्हणाली, "तुमच्या विल्माला मी दोन्ही सांगितलंय. आता नळी कुठे असते ते सांगा." त्यांनी सांगितलं, अक्षर न् अक्षर बरोबर. नळीचं तोंड नेहमी अशा दिशेला, जिथे गोळी सुटली तरी कुणाला लागणार नाही. त्यांनीच हे गावाला शिकवलं होतं. लेखी परीक्षेत त्यांचे पन्नासपैकी पन्नास आले.

जेवायला घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव होता. दोनला आम्ही गवतावर गेलो.

एका वेळी तिघं उभे राहायचे. पहिल्या तिघांत ओरेन उजवीकडे. त्यांच्या डावीकडे कोरिन बेट्स, वृद्धाश्रमातली नर्स. तिच्याही पलीकडे एक सुतार. त्या दोघांच्या मागे डाव्या बाजूला टेबलाशी मी, छिद्रांवर चिकटवायचे कागद घेऊन. सगळ्यांच्या कानांवर आवाज अडवणारे मफ.

"पाच झाडा. मग खाली ठेवा. मग मागे सरा," ग्लेंडाने सांगितलं.

ओरेन यांनी चार झाडल्या. चारींचं मिळून एकच छिद्र पडलं. ते थांबले. ग्लेंडा मागून म्हणाली, "ओरेन, एक राहिली."

त्यांना ऐकू आलं नाही. काहीतरी म्हटलं एवढंच कळलं. चांगला कान पुढे करायला ते डावीकडे वळले. मान नाही, अख्खे वळले, खांदे, कंबर, हातातल्या पिस्तुलासकट. नळी कोरिनच्या दंडावरून गेली आणि माझ्या पोटावर आली. बोट चापावर होतं.

ग्लेंडाने तोवर त्यांचं मनगट धरलेलं होतं. ती कधी पोचली ते मी पाहिलं नाही. ती ओरडली नाही.

"नळी, ओरेन."

"रिकामं आहे ते."

तिने त्यांचा हात मातीच्या भिंतीकडे नेला आणि पिस्तूल उघडलं. गोळी गवतात पडली. पितळेची, नवी. ओरेन त्या गोळीकडे बघत राहिले.

"मोजायला चुकलो."

"हो," ग्लेंडा म्हणाली.

तिने बाकी सगळ्यांना दोरीच्या मागे पाठवलं. ओरेन यांच्या डाव्या बाजूला ती स्वतः उभी राहिली आणि उरलेल्या गोळ्या त्यांना एकट्याला झाडायला सांगितल्या. एकेक, सावकाश. सगळ्या त्याच छिद्रात गेल्या. दहापैकी दहा. पांढऱ्या कागदाच्या मधोमध एक काळं भोक, वरून वडी ठेवली तर झाकलं जाईल एवढं.

आणि मग ते आम्हाला दाखवायला वळले.

"पाहिलंत का?" ते म्हणाले. चेहरा उजळला होता. पिस्तूल हातातच. या वेळी ते खरंच रिकामं होतं, आणि या वेळी ग्लेंडाचा हात आधीपासून तिथे होता. नळी भिंतीकडेच राहिली. बाकीचा माणूस तेवढा आमच्याकडे वळला.

शेवटी सगळे तिच्या पिकअपभोवती जमतात. मागची फळी खाली पाडलेली असते, तीच तिचं टेबल. ती नाव मोठ्याने वाचते, सही करते, हात मिळवते. कोरिन. सुतार. मग आणखी तिघं. मग तिने पेनाला टोपण लावलं.

"माझा कागद विसरलीस," ओरेन म्हणाले.

"विसरले नाही. मंगळवारी या, ओरेन. फक्त वळण्याचं करू. पैसे नकोत."

"दहापैकी दहा आहेत."

"बघितले."

"मग?"

"नेम चांगलाच आहे. सही नेमाची नसते."

सुतार स्वतःच्या बुटांकडे बघत होता. ओरेन यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि गवतातून घराकडे चालत गेले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

परतताना मी गाडीत तिच्याशी भांडले.

"जमीन त्यांची आहे, मिस ग्लेंडा."

"माहीत आहे मला."

"त्यांनीच तुला शिकवलं."

"हो."

"लागलं तर कुणाला नाही ना. पोट माझं होतं आणि मी म्हणतेय कर सही. त्यांना टेनेसीपर्यंत फक्त गाडीत ठेवायचंय ते."

तिने वळणावर गाडी सावकाश केली. मग तिने न भरलेला एक कागद माझ्या मांडीवर टाकला.

"वाच. तू पदवी घेतलीयस."

मी वाचलं. या व्यक्तीला शस्त्र सुरक्षितपणे हाताळताना मी स्वतः पाहिलं आहे. खाली रेघ, सहीसाठी.

"मी पाहिलं का?" तिने विचारलं.

चार वर्षं मी कवितांचे अर्थ लावत होते. त्या एका ओळीत मला लावण्यासारखा दुसरा अर्थ सापडला नाही. तरी मी चिडलेलीच होते.

सोमवारी सकाळी ओरेन यांच्या फाटकाला साखळी होती. दुपारी विल्माचा फोन आला. "ओरेन म्हणतात, तुमचं लाकूड घेऊन जा. ते म्हणतात. मी काही म्हणत नाहीये." पुढच्या वर्गाला सहा नावं होती. बुधवारपर्यंत चार गळाली. चर्चच्या पायऱ्यांवर ड्वाइटला कुणीतरी विचारलं, ओरेन टॅकेटला बंदूक धरता येत नाही असं तुझी बायको म्हणते ते खरं का. ड्वाइट म्हणाला, "मी त्या शनिवारी इंडियानात होतो. पण ती म्हणत असेल तर नसेल येत." आणि आत जाऊन बसला.

ग्लेंडा हिशोब घेऊन बसली नाही की रडली नाही. तिने शाळेत फोन करून विचारलं, स्वयंपाकघरात जागा आहे का. नव्हती.

गुरुवारी आम्ही लाकूड आणायला गेलो. कागदाची लक्ष्यं लावायच्या सहा चौकटी, जाड लाकडाच्या, एकेक उचलायला दोन माणसं लागतात. फाटकाची साखळी ओरेन यांनीच उघडली. बाजूला उभे राहिले. मी आणि ग्लेंडा पहिली चौकट घेऊन धडपडत होतो, तेव्हा ते न बोलता आले आणि माझ्या हातातलं टोक त्यांनी घेतलं.

तीन चौकटी झाल्यावर ते म्हणाले, "नदीपलीकडे एक जण आहे. दुपारभरात सही देतो, असं ऐकलंय."

"देत असेल."

"मग तू कशाला अडून बसलीस? माझं काम तर होणारच."

"तो तुम्हाला ओळखत नाही," ग्लेंडा म्हणाली.

ओरेन यांनी सुटा पडलेला एक वासा उचलून कमरेशी आडवा धरला आणि गाडीकडे निघाले. मी त्यांच्या डाव्या हाताला चालत होते. ग्लेंडा मागून म्हणाली, "ओरेन, पुढे खड्डा आहे."

ते अख्खे वळले. वाशाचं टोक माझ्या नाकासमोरून गेलं. मी खाली बसले म्हणून वाचले.

तिघंही तसेच राहिलो. ती हाक ग्लेंडाने मुद्दाम मारली का, असं मी तिला पुढे विचारलं. ती म्हणाली, खड्डा खरंच होता.

ओरेन यांनी वाशाच्या टोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लागलं का, पोरी?"

"नाही."

"शनिवारी पण असंच झालं होतं?"

"असंच," मी म्हणाले. शनिवारपासून पहिल्यांदा मी स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

त्यांनी उजव्या कानाला हात लावला. मग म्हणाले, "पंचवीस वर्षं झाली हा कान जाऊन. कुणी हाक मारली की मी असाच वळतो."

"हाक ऐकली की आधी खाली ठेवायचं," ग्लेंडा म्हणाली. "मग वळायचं. हाक कुणाचीही असो, थांबू दे तिला."

त्यांनी वाशाचा हातभर तुकडा शोधला. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ग्लेंडा मागे जाऊन हाक मारायची, ओरेन, आणि ते वळायचे. लाकूड त्यांच्यासोबत फिरायचं. पुन्हा. पुन्हा. विल्मा ओसरीवर येऊन उभी राहिली. तिला वाटलं असेल, दोघांचं डोकं फिरलंय. अकराव्या वेळी त्यांनी खाली वाकून लाकूड ठेवलं आणि मग वळले. बाराव्या वेळी पुन्हा विसरले.

अंधार पडायच्या आत आम्ही उरलेल्या चौकटी गाडीत चढवल्या. ओरेन म्हणाले, "गवत मी शेजाऱ्याला दिलं. वासरांसाठी, दोन हंगाम. मंगळवारी शब्द दिला."

"बरं," ग्लेंडा म्हणाली.

"रागात दिला."

"शब्द तो शब्दच."

ते खरंच होतं. शब्द मोडायला तिने सांगितलं असतं, तर तेच दोघं एकमेकांच्या नजरेतून उतरले असते.

नवी जागा कोरिनने मिळवून दिली. तिच्या दिराची वाळूची खाण, पन्नास मिनिटांवर, रस्ता खराब. भाडं घेतो. वृद्धाश्रमात काम करणाऱ्या नऊ जणींची नावं कोरिननेच आणली. तिने त्यांना काय सांगितलं हे मला माहीत आहे, कारण त्यातल्या एकीने मला विचारलं, गावातल्या सगळ्यांत चांगल्या नेमबाजाला नापास करणारी बाई हीच का. पण हॅनाज फोर्कमधून माणसं कमी येतात. महिन्याचे दोन शनिवार होते, आता एक आहे. ग्लेंडा आठवड्यातले तीन दिवस वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात जाते.

मेमध्ये यादीवर ओरेन टॅकेट हे नाव होतं. त्यांनी पूर्ण पैसे भरले. सकाळी मागच्या बाकावर बसले आणि एकही विनोद केला नाही. वाळूच्या खाणीत त्यांचा नंबर आला. मी दोरीमागे होते. ते प्रत्येक गोळीआधी स्वतःच्या पायांकडे बघत होते. पाच झाल्यावर ग्लेंडाने मागून हाक मारली. त्यांचा खांदा हलला. थांबला. त्यांनी पिस्तूल उघडून टेबलावर ठेवलं, हात काढला, आणि मग आमच्याकडे वळले. दुसऱ्या पाचानंतरही तसंच.

कागद आणायला मीच गेले. छिद्रं इकडे तिकडे पसरली होती. सात आत, तीन बाहेर.

ओरेन यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "नऊ वर्षांचा असताना यापेक्षा बरं मारत होतो," ते म्हणाले.

ग्लेंडाने फळीवर त्यांचा कागद ठेवला, मोठ्याने नाव वाचलं आणि सही केली. त्यांनी हात मिळवला, पण कागद लगेच उचलला नाही.

"आज पुन्हा वळलो असतो तर?"

"तर जूनच्या दुसऱ्या शनिवारी वर्ग आहे," ती म्हणाली, आणि पुढचं नाव वाचलं.